व्हल्कन नावाचं गाव

आमच्या धंद्यातल्या माणसासमोर 'व्हल्कन' म्हणा, त्याला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉकच आठवणार! पण कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी आणि लेथब्रिज यांच्यामध्ये, याच नावाचं एक टीचभर गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची, आणि वय 'स्टार ट्रेक' मालिकेपेक्षा अर्ध्या शतकाने जास्त.

हा सगळा मुलूख मुळात ब्लॅकफूट लोकांचा. १८७७ मध्ये सातवा तह झाला, मग रेल्वे आली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या सर्वेक्षकाने रोमन अग्निदेवाचं नाव गावाला देऊन टाकलं. गडी पुराणवेडा असावा, कारण रस्त्यांनाही ज्युपिटर, मार्स, जुनो अशीच नावं होती.

पण गावाचं खरं दैवत म्हणजे गहू. रुळांच्या कडेला धान्याचे नऊ एलिव्हेटर ओळीने उभे होते. (एलिव्हेटर म्हणजे इथे लिफ्ट नव्हे, लाकडी फळ्या एकीवर एक ठोकून बांधलेलं उंचच उंच कोठार.) शेतकरी गाडी काट्यावर घेणार, धान्य खड्ड्यात ओतणार, आपल्या रहाटासारखी बादल्यांची माळ ते वर चढवणार आणि तिथून ते आपल्याच वजनाने कप्प्यात, पुढे रेल्वेच्या डब्यात उतरणार. किती साधी आणि पक्की यंत्रणा! सपाट माळावर ही रांग इतक्या लांबून दिसे की वैमानिक तिच्यावरून दिशा ओळखत.

मग पक्के रस्ते आले, ट्रक मोठे झाले. घोडागाडीच्या पल्ल्यात कोठार हवं ही गरजच संपली, आणि प्रेअरीभर एलिव्हेटर पाडले जाऊ लागले. व्हल्कनच्या मूळ रांगेतला शेवटचा १९७१ मध्ये गेला.

१९९५ मध्ये गावाने वेशीवर चक्क अंतराळयान उभं केलं. त्यावरच्या पाटीवर स्वागत आहे इंग्रजीत, व्हल्कन भाषेत आणि क्लिंगॉनमध्ये! २०१० मध्ये खुद्द लिओनार्ड निमॉय येऊन गेला. काही जण नाकं मुरडतील, मी नाही मुरडणार. पोट भरायला पर्यटक लागतात, आणि नावाचा योगायोग फुकटात मिळाला होता. मला खटकतं ते एवढंच, की यानासमोर फोटो काढून निघणाऱ्या कितीजणांना त्या नऊ कोठारांची खबर असेल?

तशी रांग प्रत्यक्ष बघायची असेल तर पार मॅनिटोबातलं इंग्लिस गाठावं लागेल. तिथे पाच एलिव्हेटर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपले आहेत.