वादळ, छावणी आणि सुट्टीची सहल

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहास झाला? सुट्टीत मुलाबाळांना घेऊन एखाद्या मोठ्या उद्यानात जावे, आणि नेमके तेव्हाच वादळ यावे, तर काय करावे? पण मी सैन्यात आयुष्य काढलेला माणूस. मला हा प्रश्न जुना वाटतो. उघड्यावर उतरलेली माणसे आणि डोक्यावर फिरलेले आभाळ, ही गोष्ट सैन्याला हजारो वर्षे ठाऊक आहे. फरक इतकाच, की आज तंबूऐवजी तिकीट असते.

मी रायपूरला राहतो. इथे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. शेवटी शेवटी नवतपा लागतो. आपण ज्याला वळीव म्हणतो, त्याची इथली ओळख म्हणजे अंधड. आधी धूळ, मग गार झोत, मग कडकडाट. वीज पडली की इथला माणूस म्हणतो, ‘गाज गिरी’. आणि याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असतात, पुण्या-मुंबईची नातवंडे येतात. त्यांना नेण्याची जागा म्हणजे नवा रायपूरमधले पुरखौती मुक्तांगण. सुमारे २०० एकरांचा हा परिसर. २००६ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. छत्तीसगडची देवळे, लोकजीवन, आदिवासी कला, सगळे उघड्या आभाळाखाली मांडलेले. त्यात बस्तरचा एक विभाग आहे, त्याचे नाव ‘आमचो बस्तर’. हलबी बोलीतला हा ‘आमचो’ वाचला की मराठी माणूस पाटीपाशी थबकतोच.

आता इतिहासाकडे वळू. मराठ्यांच्या मोहिमांचे एक वेळापत्रक होते. दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि पाऊस तोंडावर आला की छावणी. यात घाबरटपणा नव्हता, हिशेब होता. नद्या फुगल्या की उतार सापडत नाही, दारू भिजते, चिखलात तोफ रुतते, जनावरे आजारी पडतात. शत्रू थांबवता येतो, ज्येष्ठ-आषाढ थांबवता येत नाही, हे त्या लोकांना पक्के माहीत होते.

पण नियमाला अपवादही होता. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. पावसाळा आला तरी तो हटला नाही. जुलैच्या मध्यात, आषाढातल्या रात्री, भर पावसात शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभू लढले ते सर्वांना माहीत आहे. मला त्यातली दुसरी बाजू सांगायची आहे. महाराज पावसात निघाले ते ‘बघू काय होते ते’ म्हणून नव्हे. वाट ठरलेली होती, मुक्काम ठरलेला होता, मागे कोण थांबणार हेही ठरले. पाऊस त्यांनी आडोसा म्हणून वापरला. वादळात पाऊल टाकायचे तर असे टाकावे लागते.

दुसरे उदाहरण या छत्तीसगडच्या वाटेवरचे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४१च्या सुमारास रतनपूरवर चालून आले, आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये उतरले. या स्वाऱ्यांत तिथल्या रयतेचे फार हाल झाले, हे मराठी माणसानेही मोकळेपणी म्हटले पाहिजे. १७४२चा पाऊस जवळ आला तेव्हा भास्करपंतांचा विचार परतण्याचा होता. मीर हबीबने त्यांना थांबवले. भागीरथीकाठी काटव्याला छावणी पडली. नदी दुथडी भरून वाहत होती तोवर तीच त्यांची तटबंदी होती. मग पाऊस ओसरला. छावणीत दुर्गापूजेचा उत्सव सुरू झाला, आणि त्याच सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस, अलीवर्दीखानाने नदी ओलांडून छापा घातला. सैन्याला पळ काढावा लागला. ज्या पाण्याने राखले, ते उतरले आहे याकडे छावणीचे लक्ष राहिले नाही. वादळ जाते तो क्षणही पाहावा लागतो.

हवामानाचा अंदाज आज मोबाइलवर येतो, त्याच्या मुळाशीही एक लढाई आहे. १४ नोव्हेंबर १८५४. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाजवळ काळ्या समुद्रात भयंकर वादळ झाले. ‘प्रिन्स’ हे ब्रिटिश जहाज सैनिकांच्या हिवाळी कपड्यांसह बुडाले. ‘आंरी कात्र’ ही फ्रेंच युद्धनौका गेली. पुढे सैनिक थंडीने मेले. फ्रान्सने खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांना चौकशीला बसवले. युरोपभरच्या नोंदी गोळा केल्यावर दिसले, की ते वादळ युरोप ओलांडत पूर्वेकडे सरकत आले होते. म्हणजे तारेने आधी खबर देता आली असती! त्यातून तारेने जोडलेली वेधशाळांची साखळी उभी राहिली. आपल्याकडे ऑक्टोबर १८६४च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळात हजारो माणसे गेली, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. एवढी किंमत मोजून मिळालेली सूचना आपण अंगठ्याने बाजूला सरकवतो.

करमणुकीच्या उद्यानांनाही हे शिकावे लागले. फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडले. तो मुलूख विजांचा आणि चक्रीवादळांचा. तिथे वीज जवळ आली की उघड्यावरचे खेळ थांबवतात. १९९९ साली ‘फ्लॉइड’ चक्रीवादळ येणार म्हणून अख्खे उद्यान बंद ठेवले. धंदा करणारेही दार लावून घेतात, तिथे आपण तिकिटाचे पैसे वसूल करायला का थांबावे?

हा वाद माझ्या घरातही झाला. मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे मुक्तांगणात होतो. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडले. मी म्हटले, निघू या. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आत्ताच तर आलोय. चार थेंब पडतील. त्या झाडाखाली थांबू.’’ मी वाद घातला नाही. नातीला म्हटले, ‘‘वीज चमकली की आकडे मोज, गडगडेपर्यंत.’’ पहिल्यांदा ती तेवीसपर्यंत पोचली. पुढच्या वेळी चौदा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मुलगा इंजिनिअर आहे, गणित त्याला सांगावे लागले नाही. त्याने धाकट्याला उचलले आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. काचा बंद करून अर्धा तास भेंड्या खेळलो. नातीने शेवटपर्यंत मोजणे सोडले नाही.

नियम साधाच आहे. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर आडोसा गाठावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. आडोसा म्हणजे पक्की इमारत किंवा टपबंद मोटार. झाड नव्हे, पत्र्याची शेड नव्हे, उंच मनोरा तर नव्हेच. ११ जुलै २०२१ला जयपूरजवळ आमेरच्या टेहळणी बुरुजावर फिरायला गेलेल्यांवर वीज पडली, अनेक जण गेले. १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरला धुळीचे वादळ आले. पेट्रोल पंपावर माणसे थांबली होती, त्यांच्यावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळला. १७ जण दगावले. वाऱ्यात डोक्यावर काय उभे आहे, ते आधी बघावे.

सैन्यात मुक्काम टाकण्याआधी जागेची पाहणी होते, आणि पांगलो तर कुठे भेटायचे ते ठरते. सहलीलाही तेच करा. सकाळी हवामान खात्याचा इशारा पाहा: पिवळा, नारिंगी की लाल. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, ते जवळपासच्या विजांची खबर देते. फाटकातून आत शिरताच पक्की इमारत कुठे आहे ते मुलांना दाखवा, चुकामूक झाली तर तिथेच यायचे असे सांगा. उंच पाळणे आणि पाण्यातले खेळ सकाळीच उरकून घ्या, कारण अंधड बहुधा दुपारनंतर येतो. आणि परत फिरायचा निर्णय कोण घेणार, ते घरूनच ठरवून निघा. ऐन वाऱ्यात घरची सभा भरवू नये.

मोहीम पुढच्या दसऱ्यालाही निघते, मंडळी. उद्यानही उद्या सकाळी उघडणारच असते. तिथे जायला सगळे धडधाकट हवेत, एवढे पाहिले की झाले. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.