ज्या गिटारीला गिऱ्हाईक नव्हते

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचे एक शहर आहे. तेथील पार्सन्स रस्त्यावर गिब्सन कंपनीने १९१७ साली विटांचा एक कारखाना उभारला. १९५९ साली या कारखान्यातून 'लेस पॉल स्टँडर्ड' या नावाची एक विद्युत गिटार विक्रीस जात असे. तिची छापील किंमत सुमारे २६५ डॉलर होती आणि त्या किमतीलाही तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळत नव्हते. पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी लंडनच्या क्रिस्टीज या विख्यात लिलावगृहात त्याच वर्षी घडवलेली, त्याच जातीची एक गिटार विक्रीस आली. तिचे ६,९३,००० पौंड आले.

या दोन किमतींच्या मध्ये पासष्ट वर्षांचा काळ आहे. एवढ्या काळात त्या लाकडात कोणतीही भर पडली नव्हती. उलट तिचा रंग उतरला होता, रोगणावर ओरखडे उठले होते आणि धातूचे भाग काळवंडले होते. मग तिचे मोल वाढले ते कशाने? जुन्या व दुर्मीळ विद्युत गिटारी जमवण्याचा जो छंद गेल्या अर्धशतकात जगभर पसरला, त्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तो इतिहास वाचताना, माणसे वस्तूंना मोल कसे बहाल करतात आणि त्या मोलाच्या ओझ्याखाली पुढे स्वतःच कशी दबून जातात, याचाही बोध होतो.

प्रथम या वाद्याची ओळख करून घेऊ. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घुमतो. विद्युत गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी बसवलेली असतात. पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात बदल होतो, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करून ऐकवतो. या यंत्रणेला 'पिकअप' म्हणतात. १९३०च्या दशकाच्या आरंभी अशी वाद्ये बाजारात आली. परंतु पोकळ पेटीला पिकअप लावले, की मोठ्या आवाजात ती पेटी स्वतःच घुमू लागे व कर्कश शीळ निघे. यावर उपाय म्हणजे पेटीच भरीव करणे. लेस पॉल नावाच्या वादकाने १९४०च्या सुमारास एका चौकोनी लाकडी ठोकळ्यावर तारा चढवून असा प्रयोग केला होता. तो घेऊन ते गिब्सन कंपनीकडे गेले, तेव्हा त्यांची थट्टाच झाली. मात्र १९५० साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी भरीव गिटार बाजारात आणली आणि ती खपू लागली. तेव्हा गिब्सनला जाग आली. १९५२ साली लेस पॉल यांच्याच नावाची, सोनेरी रंगाची भरीव गिटार कॅलमझूमध्ये तयार झाली.

या गिटारीत पुढे दोन महत्त्वाचे बदल झाले. सेथ लव्हर या कंपनीच्या अभियंत्याने, परस्परविरुद्ध दिशेने जोडलेली दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवून विजेच्या प्रवाहामुळे येणारी घरघर नाहीशी केली. या पिकअपच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला होता व १९५९ मध्ये पेटंट मिळाले. मधल्या काळातील पिकअपच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी एक चिमुकली चिठ्ठी चिकटवलेली असे. दुसरा बदल रंगाचा. १९५८ साली सोनेरी मुलामा काढून टाकण्यात आला आणि मेपल लाकडाची नैसर्गिक लहरदार नक्षी दिसू लागली. मध्यभागी पिवळी व कडेला लालसर होत जाणारी ही छटा उगवत्या सूर्याची आठवण करून देई, म्हणून तिला 'सनबर्स्ट' म्हणत. संग्राहक या गिटारीला आज केवळ 'बर्स्ट' म्हणतात.

एवढे करूनही खप वाढला नाही. ही गिटार जड होती, महाग होती आणि तरुण वादकांना जुन्या वळणाची वाटे. १९६० नंतर कंपनीने हा आकारच बंद केला. तीन वर्षांत अशा सुमारे दीड हजार गिटारी तयार झाल्या असाव्यात. कारखान्यातील सुतार, रंगारी व जोडारी दुसऱ्या कामाकडे वळले. आपण घडवलेल्या वस्तूंवर पुढे ग्रंथ लिहिले जातील, अशी कल्पना त्यांच्यापैकी कोणाच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते.

या टाकलेल्या वाद्याचा उद्धार झाला तो अटलांटिकच्या पलीकडे. इंग्लंडमधील काही तरुण त्या काळी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताने भारावून गेले होते. एरिक क्लॅप्टन हे त्यांच्यातील एक. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये जुनी बर्स्ट विकत घेतली. पुढच्या वर्षी जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी ती मार्शल ध्वनिवर्धकाला जोडून, आवाज भरपूर चढवून वाजवली. तोपर्यंत ध्वनिमुद्रणात जो दोष मानला जाई, तोच येथे गुण ठरला. तार छेडल्यावर सूर विझत नव्हता. व्हायोलिनसारखा लांबत जाई, किंचित फाटे व त्यातून मानवी कंठाची आर्तता प्रकट होई. जुलै १९६६ मध्ये ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि वादकमंडळी जुन्या लेस पॉल गिटारी शोधत दुकाने धुंडाळू लागली. मागणी ओळखून गिब्सनने १९६८ साली लेस पॉलचे उत्पादन पुन्हा सुरू केले. तथापि जाणकारांना नवी नको होती. त्यांना १९५८ ते १९६० मधलीच हवी होती.

येथून संग्रहाचा अध्याय सुरू होतो. जॉर्ज ग्रून यांनी १९७० साली नॅशव्हिल शहरात जुन्या गिटारींचे दुकान थाटले. असे विक्रेते हळूहळू या क्षेत्रातील पंडित बनले. कोणत्या वर्षी कोणता स्क्रू वापरला, डाखणकाम कसे होते, मागे शाईने छापलेल्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्ष कसे दाखवतो, याचे एक शास्त्रच तयार झाले. जपानी संग्राहकांनीही मोठ्या आस्थेने या गिटारी जमवल्या. त्यांच्यापैकी यासुहिको इवानादे यांनी केवळ बर्स्टच्या छायाचित्रांचा एक देखणा ग्रंथ नव्वदच्या दशकात सिद्ध केला.

त्या छायाचित्रांतील गिटारी पाहिल्या, तर एकीचा रंग दुसरीसारखा नाही. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. कारखान्यात वापरलेला लाल रंग कच्चा होता. दुकानाच्या काचेमागे टांगलेल्या गिटारीवर ऊन पडले की तो उडून जाई. एखादी मधासारखी झाली, एखादी लिंबाच्या गोळीसारखी, तर एखादी चहासारखी तपकिरी. ज्या गिटारी खाटेखाली पेटीत बंद राहिल्या, त्या तेवढ्या लाल राहिल्या. पुढे १९६० मध्ये कंपनीने न उडणारा रंग वापरून ही चूक सुधारली. परंतु संग्राहकांना आज मोह पडतो तो त्या उडालेल्या रंगाचाच. कंपनीच्या दृष्टीने जो दोष होता, त्यानेच प्रत्येक गिटारीला स्वतंत्र चेहरा दिला.

मोल वाढले, तसे त्यामागून येणारे विकारही आले. बनावट गिटारी तयार होऊ लागल्या. चिठ्ठी असलेले मूळ पिकअप स्वतंत्रपणे हजारो डॉलरना विकले जाऊ लागल्यामुळे, एक गिटार 'अस्सल' करण्यासाठी दुसरीचे अवयव काढून घेण्याची प्रथा पडली. पन्नाशीच्या दशकातील सोनेरी गिटारी खरवडून त्यांना सनबर्स्ट रंग देण्यात आला. २००० नंतरच्या काही वर्षांत गुंतवणूकदार या बाजारात उतरले आणि भाव भडकले. २००८ च्या मंदीत ते कोसळले. ज्यांनी वाद्य म्हणून गिटार घेतली होती, त्यांच्याजवळ निदान वाद्य उरले. ज्यांनी केवळ भाव घेतला होता, त्यांच्या हाती काय उरले असेल, हे सांगावयास नको.

या इतिहासाचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंतही पोहोचतो. जुन्या लेस पॉलच्या मानेवर, जेथे वादकाची बोटे फिरतात, तेथील पट्टी ब्राझीलच्या रोजवूडची असे. ते वृक्ष इतके तोडले गेले की १९९२ साली त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. तत्पूर्वीच, साठीच्या दशकाच्या मध्यापासून, गिटार बनवणारे भारतीय रोजवूडकडे वळले होते. हे भारतीय रोजवूड म्हणजे पश्चिम घाटात वाढणारे आपले शिसवी लाकूड. आपल्या आजोबांच्या पलंगाचे आणि कपाटाचे लाकूड जगातील कितीतरी गिटारींच्या मानेवर बसले आहे. हा व्यापारही वादातीत राहिला नाही. २०११ साली अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेले लाकूड जप्त केले. ते पुढे परत देण्यात आले. मादागास्करच्या आबनूस लाकडाच्या प्रकरणात मात्र कंपनीला २०१२ मध्ये तीन लाख डॉलर दंड भरावा लागला. एका वाद्याच्या मागे कुठले तरी अरण्य उभे असते, हे खरेदीदाराच्या सहसा ध्यानी येत नाही.

सुदैवाने या छंदाची दुसरी बाजूही आहे. व्यसनाच्या गर्तेतून बाहेर आलेल्या क्लॅप्टन यांनी अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्तीचे केंद्र काढले आणि त्यासाठी आपल्या गिटारी विकल्या. तीन जुन्या गिटारींचे भाग जोडून त्यांनी स्वतः सिद्ध केलेली 'ब्लॅकी' २००४ साली ९,५९,५०० डॉलरना गेली. डेव्हिड गिल्मर यांनी २०१९ मध्ये आपल्या १२६ गिटारी लिलावात काढल्या. त्यांतून आलेले २ कोटी १४ लाखांहून अधिक डॉलर त्यांनी पर्यावरणरक्षणासाठी न्यायालयीन लढा देणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला दिले. त्यातील एकाच काळ्या गिटारीचे ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. ती घेणारे जिम अर्से २०२५ मध्ये निवर्तले. त्यांनी आपला संग्रह निरनिराळ्या शहरांत नेऊन लोकांना विनामूल्य पाहू दिला होता.

पण सर्वांत बोलकी कथा आहे ती 'ग्रीनी' नावाच्या गिटारीची. १९५९ सालची ही बर्स्ट फ्लीटवूड मॅक या वाद्यवृंदाचे संस्थापक पीटर ग्रीन यांच्याजवळ होती. तिच्या एका पिकअपमधील चुंबक उलटा बसला होता. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की तिचा आवाज किंचित नाकात बोलल्यासारखा व उदास येई. मानसिक आजाराने ग्रासलेल्या ग्रीन यांनी संगीतातून अंग काढले, तेव्हा त्यांनी ती गॅरी मूर या तरुण आयरिश वादकाला अल्प किमतीत दिली. मूर यांनी ती तीन दशकांहून अधिक काळ वाजवली व २००६ साली विकली. मग काही वर्षे ती संग्राहक आणि विक्रेते यांच्या हातून फिरली. २०१४ मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाचे किर्क हॅमेट यांनी ती घेतली आणि तिजोरीत न ठेवता ते ती हजारो श्रोत्यांपुढे वाजवू लागले. आपण तिचे मालक असण्यापेक्षा राखणदार आहोत, अशीच त्यांची वर्तणूक दिसते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. २६५ डॉलरच्या लाकडाला लाखांचे मोल कोणी दिले? ज्यांनी ती वाजवली, त्यांनी. आणि त्यांच्याही आधी, ज्यांनी ती पुढे कोण वाजवणार हे ठाऊक नसतानाही नीट घडवली, त्यांनी. संग्राहक त्यानंतर येतो. गिब्सनने आपले काम हळूहळू नॅशव्हिलला हलवले आणि १९८४ साली कॅलमझूचा कारखाना बंद केला. काही जुन्या कारागिरांनी गाव सोडण्यास नकार दिला. त्यांनी १९८५ मध्ये त्याच विटांच्या इमारतीत 'हेरिटेज' या नावाने पुन्हा गिटारी घडवण्यास प्रारंभ केला. लिलावातील लाखांचा वाटा त्यांच्यापर्यंत कधी आला नाही. त्यांच्या हातातील कसब मात्र कोणाला विकत घेता आले नाही.

आणि क्लॅप्टन यांची ती पहिली बर्स्ट? ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली त्याच सुमारास ती चोरीस गेली. ती कोठे आहे, याची खात्रीलायक वार्ता आजवर लागलेली नाही. कोणी ती लपवून ठेवलीच असेल, तर त्याच्या घरी ती मुकी आहे. तिचा आवाज मात्र आजही कोणालाही, थोड्याशा पैशात, ऐकता येतो.

वापरात नसलेल्या विद्युत गिटारीच्या कळा आतून काळवंडतात आणि फिरवल्या की खरखरतात. खुंट्यांची प्लॅस्टिकची टोके आकसून त्यांचा भुगा होतो. आपल्याही घरात माळ्यावर वडिलांचे व्हायोलिन किंवा काकांची गिटार असेल. तिला लिलावात मोल येणार नाही. तरी एखाद्या रविवारी दुपारी ती खाली काढावी, तारा बदलाव्यात आणि घरातल्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावी. पहिले काही महिने कानांना त्रास होईल. तो सोसावा.