नारिंगाची विलायतवारी

इंग्रजी मुळाक्षरांत ‘ओ’ आला की मुले एका दमात ‘ऑरेंज’ म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्याकडचा आहे असे सांगितले, तर गुरुजी थट्टा करताहेत असे त्यांना वाटते.

थट्टा नाही. संस्कृतातला ‘नारंग’ तो हाच. मात्र संस्कृताने जगाला शब्द दिला म्हणून मिशीवर ताव देण्याचे कारण नाही. संस्कृतानेही तो दक्षिणेच्या द्राविडी भाषांकडून घेतला असे भाषापंडित मानतात. मल्याळममध्ये आजही लिंबाला ‘नारंगा’ म्हणतात. इराणातून तो अरबस्तानात गेला, तेथे ‘नारंज’ झाला आणि अरबी बागाइतदारांबरोबर स्पेनात उतरला. स्पेनने आरंभीचा ‘न’ जपला. तेथे अजून ‘नारांहा’च म्हणतात. फ्रान्सात तो गळाला. सोन्याला फ्रेंच भाषेत ‘ऑर’ म्हणतात. सोनेरी फळाच्या नावात सोने शिरले असावे. पुढे इंग्रजांनी हे नकार गळालेले रूपच उचलले. ‘न’ इंग्लंडात हरवला ही गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. त्यांनी स्वतः हरवला तो एप्रनचा. तो पूर्वी ‘नेप्रन’ होता.

मौजेची गोष्ट रंगाची. या फळाआधी इंग्रजांजवळ त्या रंगाला स्वतंत्र नावच नव्हते. ‘पिवळा-तांबडा’ म्हणून ते भागवीत. म्हणून तर रॉबिन पक्ष्याची छाती उघड नारिंगी असून तो बिचारा अजून ‘तांबड्या छातीचा’ म्हणवून घेतो! सोळाव्या शतकात फळाचे नाव रंगाला लागले. डच राजघराण्याचे ऑरेंज मात्र निराळे. ते फ्रान्समधल्या एका गावाचे नाव. रोमन काळी त्या गावाला अराउसिओ म्हणत.

युरोपात आधी पोहोचलेले फळ होते कडवट. गोड जातीचा प्रसार पुढे पोर्तुगीजांच्या व्यापाराने झाला, आणि ज्या अरबांनी नारंज दूरवर नेले त्यांनीच या गोड फळाला ‘बुर्तुकाल’, म्हणजे पोर्तुगाल, म्हटले!

आणि आपण? आपण ‘संत्रे’ म्हणतो. पोर्तुगालातल्या सिंत्रा गावावरून हे नाव पडले असे पुष्कळजण सांगतात. पण सोळाव्या शतकात बाबराने आत्मचरित्रात ‘संगतरा’ नोंदवला आहे, तेव्हा ही व्युत्पत्ती मला लंगडी वाटते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘नागपूर ऑरेंज’ या नावाने. वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारा, तर ते सांगतील की हे ऑरेंज नव्हेच, मँडारिन आहे.