भिंतीच्या पोपड्यातला इतिहास

सगळ्यात आधी एक खुलासा. ही उंद्री म्हणजे पुण्यातली सोसायट्यांची उंद्री नव्हे. ही आमची उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. "पुढचे दोन महिने उंद्रीतून काम करणार आहे," असं टीमच्या कॉलवर सांगितल्यावर एकजण खुशीत म्हणाला, "अरे, मग संध्याकाळी भेटू की!" :-)

तर झालं असं, की बाबा गेल्यापासून आई इथे एकटीच असते. वर्षातून दोन-तीन महिने इथूनच काम करायचं आम्ही ठरवलं. ओसरीलगतची खोली रिकामी होती. टेबल आलं, इंटरनेट आलं, इन्व्हर्टर आला. राहिला फक्त रंग. एका वीकेंडचं काम, असं मला वाटलं होतं. (सॉफ्टवेअरवाल्यांचे अंदाज! असो.)

चिखलीच्या दुकानातून शेडकार्ड आणलं. एकट्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा की माणूस चक्रावून जावा. दुकानातलं मशीन मात्र मला फार आवडलं. डबा एकाच पांढऱ्या बेसचा, कोड टाकला की त्यात मोजून रंगाचे थेंब पडतात. म्हणजे आपण निवडतो तो रंग नसतोच, ती रेसिपी असते. रंगवाल्यांचं आणि आमच्या धंद्याचं नातं तसं जुनं आहे म्हणा. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सने १९७०च्या सुमारास संगणक घेतला होता, जेव्हा बहुतेक कंपन्यांचा हिशोब वहीतच चालायचा. आपल्याला आठवतो तो मात्र आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला गट्टू.

पेंटरदादांना छटांशी काही देणंघेणं नव्हतं. "भाऊ, एवढा इचार कायले करता? चकचकीत मारून देतो. फडकं फिरवलं का साफ." मी म्हटलं, आधी जुनं खरवडू, मग ठरवू. पोपडे तर आलेच होते.

आणि तिथे मी अडकलो. एका कोपऱ्यात पत्र्याने खरवडत गेलो तर थरामागून थर. वर गुलाबी डिस्टेंपर. कमरेपर्यंत हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, आपल्याकडच्या शाळा-दवाखान्यांत असायचा तसा. त्याखाली आभाळी चुना. त्याखाली पांढरा चुना, बरेच हात. त्याच्याही खाली पांढऱ्या मातीचा पोतारा, आणि शेवटी भुसा घातलेली माती नि काळा दगड. एखाद्या जुन्या प्रोजेक्टची कमिट हिस्टरीच. फक्त कोणी मेसेज लिहिलेले नाहीत.

यातला आभाळी थर माझा सगळ्यात लाडका. चुन्यात नीळ कालवून तो केलेला असतो हे आईने सांगितलं. कपड्यांना घालायची तीच पूड. आता गंमत बघा. आमच्याकडून सकाळी निघालं तर अजिंठा दुपारच्या आत. तिथे पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये जो निळा आहे तो लाजवर्द दगडाचा, पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून आलेला. लाल-पिवळा म्हणजे गेरू आणि पिवळी माती, काळा म्हणजे काजळी. निळाच तेवढा परदेशी. युरोपातही तो इतका महाग होता, की १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. पुढे ती पूड जगभर धुणं शुभ्र करायला वापरली जाऊ लागली. म्हणजे रसायन पाहिलं तर अजिंठ्याचा निळा आणि आमच्या भिंतीचा निळा एकच. शिवाय चुन्यासारख्या जळजळीत अल्कलीत भले भले रंग मरतात, हा मरत नाही. आमच्या पणजीला हे कोणी शिकवलं असेल?

पण अजिंठ्याकडून मला शिकायला मिळालं ते रंगाबद्दल नव्हे, फिनिशबद्दल. तिथल्या भिंती आमच्यासारख्याच आहेत. खडकावर भुसा-गवत घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर चित्र. सगळं मॅट. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. पापुद्रे सुटत होते ते धरून ठेवायला त्यांनी लाखेचा थर दिला. आपल्याकडे सुतार चपड्याचं पॉलिश मारतात ना, तीच लाख. हेतू चांगला होता आणि पापुद्रे धरलेही गेले. पण पुढे लाख पिवळी पडली, चित्रं काळवंडली, आणि आकसताना तिने जागोजागी रंगच ओढून काढला. नंतर पुरातत्त्व खात्याला ती लाख उतरवण्याचं किचकट काम कित्येक वर्षं करावं लागलं.

आमच्या हिरव्या पट्ट्याचं हेच झालं होतं. दगड-मातीची भिंत खालून ओल ओढते. चुन्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. भाजून विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ, सच्छिद्र थर चढतो. ऑइलपेंट म्हणजे प्लास्टिकची पिशवी. ओल मागे कोंडते आणि पट्टा फुगतो. शेडकार्डावर आपण तासन् तास घालवतो आणि मॅट का ग्लॉस हे शेवटच्या दोन मिनिटांत पेंटरवर सोडतो. माझ्या मते हे नेमकं उलटं हवं. टेबलासमोर खिडकी असेल तर चकचकीत भिंत स्क्रीनवर आरसा धरते, तो त्रास वेगळाच.

मी चुना म्हटल्यावर आई गप्प झाली. मग म्हणाली, "चुना गोठ्याले मारतेत. अन् तो हिरवा तुह्या बाबांनी सोता मारला व्हता. अठ्ठ्याऐंशी साली. एरिअर्स भेटले तवा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेड्यात ऑइलपेंटचा पट्टा म्हणजे नुसता रंग नव्हता. या घरात आता दरवर्षी चुना मारावा लागत नाही, याची ती पाटी होती. मी पुण्यात बसून "श्वास घेणारी भिंत" वगैरे बोलणार, आणि तिने तर दर दिवाळीआधी चुन्याने सोलवटलेले हात काढले होते.

निर्णय शेवटी वेगळ्याच गोष्टीने झाला. शनिवारी सकाळी मी कॉलवर होतो. पेंटरदादांनी पॉलिश पेपर घेऊन पट्टा कोरडाच घासायला घेतला. तासाभराने बाहेर आलो तर फरशीवर हिरव्या पिठाचा थर, आणि माझी चार वर्षांची मुलगी त्यात बोटाने घर काढत बसलेली. तेच बोट मग तोंडात.

त्या काळातला हिरवा ऑइलपेंट बऱ्याचदा क्रोम पिवळ्यात निळा मिसळून करायचे. क्रोम पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिसं. शिशाच्या सफेद्याविरुद्ध जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला १९२१ मध्ये, म्हणजे ते इटालियन अजिंठ्यात होते तेव्हा. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली १९७८ मध्ये. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ला. बाबांनी १९८८ साली दुकानातून जो डबा आणला, त्यावर यातलं काही लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

काम थांबवलं. पोरीला आंघोळ घालून काकूकडे पाठवलं. आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःच बादली आणली. पुढचे दोन दिवस खिडक्या उघड्या टाकून, खाली प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, भिंत पाण्याने भिजवत पट्टा उतरवला. झाडू नाही, सगळं ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधलं. पेंटरदादा आधी हसले. मग विचारलं, "भाऊ, मी तं पंचवीस वर्षं हेच खातो. माहं काय?" त्यांनाही म्हटलं, रक्त तपासून घ्या, पैसे मी देतो.

आता भिंतीला चुना आहे. त्यात अंगाला लागू नये म्हणून डिंकाचं पाणी, आणि स्क्रीनमागच्या भिंतीपुरता चिमूटभर गेरू, कारण भगभगीत पांढऱ्यासमोर दिवसभर बसलं की डोळे थकतात. चुना ओला असताना काही दिसतच नाही, फसलो असं वाटतं. सकाळी उठून पाहावं तर उजळलेला. कोनाड्यात मात्र हिरवा रंग धड होता, पोपडा नाही की काही नाही. तो आईने ठेवायला लावला. त्यावर दोन हात पारदर्शक वार्निश मारून तो बंद करून टाकलाय. हो, म्हणजे मीही त्या इटालियनांच्याच वाटेने गेलो, कळतंय मला.

पोरीचं रक्त सोमवारी दिलं. पेंटरदादाही सोबत आले होते, सुईला पोरीपेक्षा जास्त घाबरले. दोघांचे रिपोर्ट गुरुवारी मिळतील.