तुमची पेठ कंची?

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय तुमच्या आवडीचा, असे संपादक मंडळाने सांगितले. बँकेतल्या माणसाला 'विषय तुमच्या आवडीचा' हे वाक्य फार अवघड जाते. आमचे सगळे आयुष्य छापील रकाने भरण्यात गेलेले. तरीही लिहितो, कारण ज्या गोष्टीवर लिहायचे आहे ती आपल्या गेटपासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे आणि आपल्यातले निम्मे लोक तिकडे फक्त खरेदीला जातात.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. बदली होऊन कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या शाखेत आलो, तेव्हा काउंटरवर येणारा प्रत्येक दुसरा खातेदार विचारायचा, "साहेब, तुमची पेठ कंची?" मी भाड्याच्या खोलीचा पत्ता सांगायचो. तो हसायचा. पेठ म्हणजे पत्ता नव्हे, हे कळायला वेळ लागला. पेठ म्हणजे तालीम, तालमीचा गणपती, तालमीचा फुटबॉल संघ, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा सामना असला की दुकान अर्धे बंद ठेवण्याचा हक्क. असाच एक धान्यवाला खातेदार मला कोट-टायसकट खासबागेत कुस्ती बघायला घेऊन गेला. तिथून माझी या गावाशी ओळख सुरू झाली.

खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधले, ते १९१२ साली पूर्ण झाले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे जुने गोल क्रीडागृह पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. मधे हौद आणि भोवती चढती बैठक. कुठेही बसा, पुढच्याचा फेटा आडवा येत नाही. शेजारीच १९१३ मध्ये नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. कुस्ती आणि संगीत नाटक एका भिंतीला पाठ लावून! हे दुसऱ्या कुठल्या गावाला सुचले असते असे मला वाटत नाही. ज्या गावात पैलवान नाटकाला बसतो आणि गवई कुस्तीला, तिथेच हे शक्य.

१९५७ साली या नाट्यगृहाला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. घरची गरिबी, लहानपणीच नाटक कंपनीत भरती, आणि वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आत, १९०८ च्या जानेवारीत, हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. वय एकतीस.

त्याच काळात अल्लादिया खाँसाहेब महाराजांच्या पदरी होते. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर कॅमेऱ्याच्या खटपटीत होते आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. गोविंदराव टेंबे तर सगळ्याच दुव्यांत सापडतात. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, खाँसाहेबांविषयी पुस्तक त्यांचे, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्रही तेच. दहा-वीस वर्षांत एका मध्यम आकाराच्या संस्थानी गावात एवढी माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती.

आता थोडा हिशेब. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथे राहिले म्हणून मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांना ती तालीम मिळाली. १९२९ साली इथे स्थापन झालेली 'प्रभात' १९३३ ला पुण्याला गेली. मोठी ठेव काढली गेली की शाखेचे काय होते ते मी पाहिले आहे. मग हे गाव बुडीत खात्यात का गेले नाही?

माझे उत्तर असे आहे की राजाने बांधले, पण चालवले वर्गणीने. गणपतीच्या आधी तालमींची पोरे नाण्यांच्या पिशव्या घेऊन कॅश काउंटरवर यायची आणि आमचा कॅशिअर कपाळाला हात लावायचा. त्या पिशव्यांतच हे उत्तर होते. आणखी एक उदाहरण, बँकवाल्याच्या खास आवडीचे. खाशाबा जाधव हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. कर्जाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात 'विद्यार्थ्याची कुस्ती' असे लिहिले असते तर आमच्या कुठल्या मॅनेजरने ते मंजूर केले असते? मी तरी केले नसते.

हे सगळे सणावारांतही दिसते. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की ते कलशांतून टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला वाहतात. पुढे 'पी-ढबाक' वाजत असते. हे वाद्य एकदा ऐकले की विसरत नाही. यासाठी कोणी सरकारी परिपत्रक काढत नाही. गल्ली ठरवते, गल्ली निघते. (गणपतीतल्या डॉल्बीविषयी मात्र मी इथे लिहीत नाही. माझे मत सोसायटीत सर्वांना पाठ आहे.) आणि ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खे शहर शंभर सेकंद उभे राहिले. आपल्या गेटवर वॉचमन, भाजीवाली, शाळेच्या सुट्टीतली पोरे, सगळे जागच्या जागी स्तब्ध होते. ज्यांना आठवते त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्रीच लोक धावले. ज्यांनी आयुष्यात एकदा तिथे शाळेच्या स्नेहसंमेलनात राक्षसाचे काम केले होते असेही लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. मी सकाळी गेलो. दगडी भिंती उभ्या होत्या, वर आकाश दिसत होते. खासबागेकडचा रंगमंचही गेला होता. ही वास्तू होती तशीच पुन्हा उभारायचे जाहीर झाले, निधी मिळाला आणि काम हाती घेतले गेले. दगड-लाकूड येईल, त्याची काळजी मला नाही. मला काळजी आहे ती खुर्च्यांची. त्या खुर्च्यांवर बसणार कोण? नाटकाला येणाऱ्यांत मी गेली काही वर्षे पांढरी डोकीच जास्त मोजली आहेत. आमच्या नातवंडांना विचारा, कोल्हापूर म्हणजे काय? तांबडा, पांढरा आणि रंकाळा. बरोबर आहे, पण तेवढे तर पर्यटकालाही माहीत असते.

आपल्या सोसायटीत बेळगावचे आहेत, कोकणातले आहेत, सोलापूरचे आहेत. आपल्याला पेठ नाही. म्हणून समितीपुढे माझा एक प्रस्ताव आहे. सांस्कृतिक निधीतला अर्धा भाग (मेंटेनन्सची थकबाकी वसूल झाली तर पाऊण) आवारातल्या मांडवाऐवजी तिकिटांवर खर्च करावा. नाटक, देवल क्लबातले गाणे, खासबागेतली कुस्ती, फुटबॉलचा सामना. दर वेळी वीस माणसे न्यावीत, त्यांतली दहा तरी पंधरा वर्षांखालची असावीत. तिकीट काढूनच जायचे, पास मागायचे नाहीत.

सुरुवात अंबाबाईच्या किरणोत्सवाने करता येईल, त्याला तिकीट लागत नाही. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखा. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पाय, मग मध्य, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, धूळ असली किंवा वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला की सोहळा अर्धवट राहतो. म्हणून किरणांच्या वाटेतले अडथळे मोजून काढावे लागतात. तास-दीड तास आधी पोहोचायला हवे, गर्दी फार असते. ज्यांना यायचे आहे त्यांनी नावे माझ्याकडे द्यावीत. मी संध्याकाळी पाचनंतर क्लबहाऊसजवळच्या बाकावर असतो.