माध्यमांतर आणि बालविचाराच्या अवस्था

१९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्राथमिक शाळांत मराठीस स्थान असले, तरी माध्यमिक शिक्षणाचे प्रमुख माध्यम उर्दू होते. जाँ पियाजे यांनी बालविचाराच्या चार अवस्था मानल्या: सुमारे दोन वर्षांपर्यंत इंद्रिय-कारक, सातपर्यंत पूर्वक्रियात्मक, अकरापर्यंत मूर्त क्रियात्मक व पुढे अमूर्त विचाराची. या शेवटच्या अवस्थेत मूल प्रत्यक्ष वस्तू सोडून केवळ विधानांवरून तर्क करू लागते. मराठी मुलाचे माध्यम याच वयाच्या सुमारास पालटत असे. पियाजे यांच्या मते विचाराचे मूळ भाषेत नसून कृतीत आहे. म्हणून माध्यमांतराने तर्कशक्तीच खुंटली, असे म्हणता येत नाही. परंतु ती प्रकट करण्याचे साधन मुलास नव्याने मिळवावे लागे. सबब, त्या काळातील परीक्षेतील अपयश बुद्धिमांद्याचे गमक मानणे सयुक्तिक ठरत नाही.