अज्ञातयक्ष्म आणि राजयक्ष्म

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १६१ वें सूक्त रोग्याच्या सुटकेसाठीं आहे. त्याच्या पहिल्याच ऋचेंत दोन व्याधींचीं नांवें जोडीनें येतात: अज्ञातयक्ष्म आणि राजयक्ष्म. एक न ओळखलेला, दुसरा नांवानें ओळखलेला. सूक्ताचा याज्ञिक विनियोग बाजूस ठेवला, तरी ही जोडी इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. क्षय कोणास झाला याइतकाच, तो कोणाचा ओळखला गेला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि त्याचें उत्तर बहुधा रोग्याच्या दर्जावरून ठरत आलें आहे. एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत या रोगाची उत्पत्तिकथा दिली आहे. नक्षत्रांचा राजा सोम रोहिणीवर अत्यासक्त होऊन दक्षाच्या इतर कन्यांची उपेक्षा करूं लागला, म्हणून त्यास हा रोग प्रथम जडला. राजास झाला म्हणून तो राजयक्ष्मा. परंतु त्याच अध्यायांत रोगाचीं जीं चार कारणें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें अयथाबलमारंभ, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, आणि चौथें विषमाशन, म्हणजे अवेळीं व अयोग्य आहार, हें आहे. हीं कारणें राजवाड्यापेक्षां श्रमिकाच्या घरींच अधिक सांपडावयाचीं. नांव राजाचें, कारणें रंकाचीं, असा हा प्रकार आहे.

मराठ्यांच्या इतिहासांत याचें ठळक उदाहरण आहे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, क्षयानें वारले. तें मरण आजहि शाळकरी मुलास ठाऊक आहे. त्याच काळीं एखादा साळी किंवा कोष्टी याच रोगानें गेला असेल, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरांत शोधावी? पुढें इंग्रजी अमलांत मृत्यूंच्या नोंदी सुरू झाल्या. पण गांवकामगारानें लिहिलेलें कारण बहुधा 'ताप' हेंच असे. दप्तर मुकें नव्हतें. रोग मात्र अज्ञातच राहिला.

२४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु शोधल्याचें जाहीर केलें, आणि कफ काचेवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत लवकरच रूढ झाली. भिवंडीहून खाडीपलीकडे असलेलें कल्याण हें ज्यांचें माहेर, त्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें पदवीधर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें पुणें येथें क्षयानेंच निवर्तल्या. रोगास नांव होतें, औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्यें सांपडलें, आणि तेव्हांपासून या विषयाचें स्वरूप पालटलें. औषध नसतां निदान हें केवळ ज्ञान होतें. औषध आल्यावर तें जीवनमरणाचा निवाडा झालें.

गरीब मनुष्य अडाणीपणामुळें दवाखान्यांत जात नाहीं, असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेंतील बॅनर्जी व आंडरसन यांनीं १९६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीनें हा समज खोटा ठरविला. खेड्यांतील क्षयरोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यांत गेले होते. तेथून त्यांस खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यांत आलें होतें.

सूक्ष्मदर्शकासहि मर्यादा आहेच. एक मिलिलीटर कफांत पांच ते दहा हजार जंतु असल्यावांचून ते सहसा दिसत नाहींत. लहान मुलास कफ काढतां येत नाहीं. हाडांचा व गांठींचा क्षय तर या परीक्षेंतून निसटतोच. डिसेंबर २०१० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें दोन तासांत निर्णय देणाऱ्या जनुकीय चाचणीस मान्यता दिली. परंतु तिला अखंड वीज लागते, आणि गरीब देशांसाठीं २०१२ मध्यें ठरलेली सवलतीची किंमतहि एका चाचणीस जवळजवळ दहा डॉलर होती. गोव्यांत तयार होणारें, विजेरीवर चालणारें ट्रूनॅट यंत्र २०२० मध्यें संघटनेनें मान्य केलें, तेव्हां यांतील एक अडचण दूर झाली. तरीहि २०२३ मध्यें जगांत नव्यानें निदान झालेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४८ जणांचीच पहिली परीक्षा अशा शीघ्र चाचणीनें झाली होती. मध्यंतरीं आपल्या देशांत खासगी प्रयोगशाळांतून क्षयासाठीं रक्ताची एक निरुपयोगी तपासणी सर्रास विकली जात होती. तिच्यावर सरकारनें २०१२ मध्यें बंदी घातली.

आतां भिवंडीकडे वळूं. हातमागांचें हें जुनें गांव विसाव्या शतकांत यंत्रमागांचें शहर झालें, आणि मुंबईच्या १९८२ च्या गिरणीसंपानंतर येथील माग फारच वाढले. मागावरील कामगारास खोकला नवा नाहीं. सुताच्या धुळीनें तो अनेकांस असतो. दोन आठवड्यांचा खोकला हें क्षयाचें सूचक लक्षण या धुळींत हरवून जातें. सरकारी दवाखान्यांत कफाची तपासणी विनामूल्य होते. पण मजुरी कापडाच्या मापावर असल्यामुळें तिच्यासाठीं गेलेला दिवस विनामूल्य नसतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत लक्षणें असलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ६४ लोक कोठेंच उपचारास गेले नव्हते. आणि छातीचें क्ष-किरणचित्र काढलें नसतें, तर शेंकडा ४२ हून अधिक रोगी हातांतून निसटले असते, असें आढळलें. १९६३ च्या रोग्यास दवाखान्यानें परत पाठविलें. आजचा पुष्कळ वेळां निघतच नाहीं. त्यासहि अडाणी म्हणण्यापूर्वीं त्याच्या रोजाचा हिशेब मांडावा.

शेवटीं पुन्हां त्या वैदिक शब्दाकडे येऊं. अज्ञात हें कर्मणि धातुसाधित आहे. ज्यास जाणलें नाहीं तो रोग. जाणावयाचें राहिलें तो कर्ता अध्याहृत आहे. तो कर्ता रोगीच, असें व्याकरण सांगत नाहीं, आणि वर दिलेला इतिहासहि सांगत नाहीं.